एक तारीख, अनेक दिवस

मराठी वाचकाला दिनविशेषाची सवय शाळेतच लागते. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेल्या चार ओळी, वर्तमानपत्रातली छोटी चौकट, दिनदर्शिकेच्या पानावरची बारीक अक्षरांतली टीप: आज कोण जन्मले, कोण गेले, कुठे काय घडले. ही यादी क्षुल्लक नाही. शाळा सुटल्यावर इतिहासाचे पुस्तक पुन्हा न उघडणाऱ्या असंख्य माणसांचा इतिहासाशी उरलेला संबंध बहुधा एवढाच असतो. म्हणूनच त्या ओळी काय सांगतात आणि नुसत्या एकाखाली एक आल्यामुळे काय सुचवून जातात, हे नीट पाहायला हवे. १ ऑगस्ट ही तारीख घेऊ. १७७४ साली याच तारखेला जोसेफ प्रीस्टलीने प्राणवायू वेगळा केला. १८१९ मध्ये हर्मन मेल्व्हिल जन्मला. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा अमलात आला. १९१४ मध्ये जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले, १९४४ मध्ये वॉर्साच्या नागरिकांनी जर्मन फौजांविरुद्ध उठाव केला. मीनाकुमारीचा जन्म याच तारखेचा, स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिवसही हाच, आणि महाराष्ट्राच्या महसूल खात्याचे नवे वर्षही याच दिवशी सुरू होते, म्हणून तो महसूल दिन. आणि १९२० साली याच तारखेला मुंबईत लोकमान्य टिळक गेले, गांधीजींचे असहकार आंदोलन सुरू झाले आणि सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावी तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णाभाऊ, जन्मले. या साऱ्यांना एकत्र बांधणारे काय आहे? वरच्या ओळींपुरते उत्तर सरळ आहे: एक आकडा, बाकी काही नाही. शेवटच्या ओळीचे मात्र वेगळे आहे. तिथे तारीख एक आहे आणि सालही एक आहे, म्हणजे खरोखरीचा दिवस एक आहे. एका तारखेखाली शतकांची उतरंड रचणे हे इतिहासाचे उभे वाचन, आणि एकाच दिवशी ठिकठिकाणी काय चालले होते हे पाहणे हे आडवे वाचन. उभ्या वाचनातून जवळजवळ काहीच कळत नाही, आडव्यातून खूप कळते, आणि आपली दिनविशेषाची सवय या दोहोंची सतत गल्लत करते, असे माझे म्हणणे आहे.

उभ्या वाचनातला योगायोग विलक्षण का वाटतो, याचे कारण आपल्या अंदाजात आहे. वर्षाचे दिवस ३६५, म्हणून दोन थोर माणसांची तारीख जुळली की नियतीने काही ठरवले असावे असे मनात येते. पण कोणतीही २३ माणसे एकत्र आणली, तर त्यांतल्या कोणा दोघांचा तरी वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, कारण २३ माणसांत जोड्या २५३ होतात आणि जुळण्याची संधी प्रत्येक जोडीला असते. मग जगाच्या हजारो वर्षांतल्या हजारो नामवंतांना ३६५ खणांत टाकल्यावर प्रत्येक खणात डझनावारी नावे पडणारच. न पडती तर नवल. तरीही काही तारखा खरोखरच इतरांपेक्षा अधिक भरलेल्या असतात. त्याची कारणे शोधली की ती आकाशात सापडत नाहीत, माणसांच्या व्यवहारात सापडतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा पाहा. काँग्रेसची पहिली बैठक २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत भरली आणि पुढे अनेक वर्षे तिची अधिवेशने याच दिवसांत होत राहिली. महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेही २५ डिसेंबर १९२७ ला. परस्परांपासून इतक्या दूरच्या या घटना शेजारी आल्या, कारण नाताळात कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा-महाविद्यालये बंद असत आणि वकील, शिक्षक, कारकून अशा नोकरदार कार्यकर्त्यांना तेवढीच सवड मिळे. साहेबाच्या सणाची सुट्टी साहेबाच्या सत्तेविरुद्धही वापरली गेली आणि आपल्याच समाजातल्या विषमतेविरुद्धही. तारखेपेक्षा त्या सुट्टीत अधिक इतिहास आहे.

तारखेच्या मागे माणसाचा हात किती असतो, याचा सर्वांत घरगुती पुरावा १ जून हा आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत या तारखेला जन्मलेल्यांची संख्या एवढी मोठी आहे की ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांमध्ये निवृत्तीच्या निरोपसमारंभांची रीघ लागते. ज्या घरांत जन्माची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती, अमक्या दुष्काळात नाहीतर तमक्या पुरात मूल झाले एवढेच ज्या आईबापांना आठवत होते, त्यांच्या मुलांना शाळेत घेताना हेडमास्तरांनी नव्या शैक्षणिक वर्षाच्या हिशेबाने वय बसेल अशी तारीख लिहून टाकली. म्हणजे आपल्या राज्यातला सर्वांत मोठा सामायिक वाढदिवस निसर्गाने दिलेला नाही. तो हजेरीपटाने दिला. त्या तारखेत ग्रहयोग शोधणाऱ्याला काही मिळणार नाही. पण कोणत्या घरांत कागद पोचला होता आणि कोणत्या घरांत नव्हता, कोणाचा जन्म नोंदण्याजोगा मानला जात होता आणि कोणाचा नाही, हे ती तारीख लख्खपणे सांगते.

काही तारखा तर सरळ निवडलेल्याच असतात. २६ जानेवारी १९५० हा दिवस १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेच्या स्मरणार्थ ठरवला गेला. १ मे हा कामगारांचा दिवस जगभर आधीच रूढ होता, महाराष्ट्र राज्याची स्थापना १९६० मध्ये त्याच दिवशी झाली. १५ ऑगस्टची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या म्हणण्याला सर्वांत आदरणीय विरोध तिथूनच येतो. ही तारीख माउंटबॅटन यांनी ठरवली, आणि जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता म्हणून आपण ती निवडली, असे त्यांनी पुढे सांगितले. पण १५ ऑगस्ट हा श्रीअरविंदांचा जन्मदिवस, १८७२ चा. १९४७ मधल्या आपल्या संदेशात त्यांनी या जुळणीला योगायोग मानायला नकार दिला आणि आपल्या जीवनकार्यावर उमटलेली ती दैवी संमतीची मोहोर आहे असे म्हटले. एवढ्या मोठ्या साधकाच्या श्रद्धेवर वाद घालण्याचे मला कारण नाही. ती श्रद्धा त्यांच्या जीवनाविषयी पुष्कळ सांगते. भारताला स्वातंत्र्य का आणि कसे मिळाले याविषयी मात्र ती काही सांगत नाही. १९४२ मध्ये याच तारखेला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, गांधीजींसोबत कैदेत असताना महादेवभाई देसाई गेले. एकाच तारखेला एका घरी मोहोर दिसते आणि दुसऱ्या घरी तिरडी. तारीख दोघांनाही सारखीच जागा देते, आणि म्हणूनच ती कोणाच्याही बाजूने साक्ष देऊ शकत नाही.

शिवाय ज्या तारखेच्या जुळणीवर आपण एवढे भाळतो, ती तारीख तरी एक असते का? शेक्सपियर आणि सर्व्हांतेस दोघेही २३ एप्रिल १६१६ ला गेले, असे जागतिक पुस्तक दिनाच्या निमित्ताने दरवर्षी सांगितले जाते. पण स्पेनने तोवर ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती आणि इंग्लंड अजून जुन्या ज्युलियनवरच होते. दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचे अंतर होते. सर्व्हांतेसच्या मृत्यूनंतरही शेक्सपियर निदान दहा दिवस जगला, आणि सर्व्हांतेस तर २२ लाच गेला आणि २३ ला त्याचे दफन झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य विज्ञानाच्या किती पुस्तकांत असेल. गॅलिलिओचा मृत्यू ग्रेगोरियन गणनेने ८ जानेवारी १६४२ चा, न्यूटनचा जन्म ज्युलियन गणनेने २५ डिसेंबर १६४२ चा. दोघांना एकच मोजपट्टी लावली तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जन्मतो आणि जुळणी मोडते. गुरूचा आत्मा शिष्यात उतरला, ही सुंदर कल्पना दोन देशांच्या दोन दिनदर्शिका एकत्र कालवल्यामुळे उभी राहिली आहे.

आपल्या घरचे उदाहरण शिवजन्माचे. बखरींच्या आधाराने पूर्वी शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ साल मानले जाई. जेधे शकावली उजेडात आल्यावर शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया पुढे आली. ज्युलियन गणनेने ती १९ फेब्रुवारी १६३० होते, ग्रेगोरियन गणनेने १ मार्च. शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारली, तरी तिथीने जयंती करणारेही पुष्कळ आहेत. या वादात कोणाची बाजू घ्यायची हा माझा विषय नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे की १९१६ मध्ये ही शकावली प्रसिद्ध केली ती खुद्द टिळकांनी. शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव ज्या माणसाने उभा केला, त्यानेच उत्सवाचे साल बदलायला लावणारा पुरावा स्वतः पुढे ठेवला. तारखेवर प्रेम असणे आणि तारीख तपासून घेणे यांत विरोध मानू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

आणि टिळकांच्या बाबतीत तर हा प्रश्न त्यांच्या मृत्यूपर्यंत येऊन पोचतो. डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्रे यांच्या हाताखाली शिकलेले टिळक गणित आणि ज्योतिर्गणित यांत मुरलेले होते. १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात त्यांनी मृगशीर्षातल्या वसंतसंपाताच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ ठरवू पाहिला. पंचांगशुद्धीच्या चळवळीत ते पुढे होते, आणि त्यांच्या नावाच्या पंचांगात अधिक मास निराळा येतो म्हणून कोकणातल्या काही घरांत गणपती आजही एखाद्या वर्षी महिनाभर आधी येतात. असा हा कालगणनेचा अभ्यासक सरदारगृहात मध्यरात्र उलटून गेल्यावर, तास भरायच्या आत गेला. मध्यरात्रीला दिवस बदलतो ही युरोपीय रीत. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. त्या हिशेबाने टिळक गेले तेव्हा शनिवार अजून संपला नव्हता. त्यात मुंबईला तेव्हा दोन वेळा होत्या. १९०६ पासून रेल्वे-तारेसाठी स्टँडर्ड टाइम आला होता, पण शहराच्या व्यवहारात जुना बॉम्बे टाइम चालू होता. तो ३९ मिनिटे मागे असे, आणि महापालिकेने तो थेट १९५५ पर्यंत धरून ठेवला. मध्यरात्रीच्या इतक्या जवळच्या मृत्यूची तारीख कोणत्या घड्याळाने लावायची, हा प्रश्न त्या शहरात पोकळ नव्हता. १ ऑगस्ट ही तारीख चुकीची आहे असे मी म्हणत नाही. रूढ पद्धतीने ती बरोबरच आहे. पण मिनिटांच्या फरकाने ती ३१ जुलै झाली असती, आणि तसे झाले असते तर टिळकांच्या जीवनाचा अर्थ तसूभरही बदलला नसता. ज्या सत्याचे असणे-नसणे घड्याळाच्या काट्यावर अवलंबून आहे, त्याच्यावर फार भार टाकू नये.

यातूनच मला एक कसोटी सुचते. कोणत्याही जुळणीतून अर्थ काढण्याआधी ती तारीख आठ दिवस पुढे किंवा मागे सरकवून पाहावी. अर्थ टिकला तर तो खरा. मोडला तर तो तारखेने केलेला भास होता. ही कसोटी १ ऑगस्ट १९२० ला लावून पाहू.

तो रविवार होता. सरदारगृहापासून गिरगाव चौपाटीपर्यंत लाखोंचा समुदाय लोटला, आणि खास परवानगी काढून वाळूतच अग्निसंस्कार झाला. गांधीजींनी तिरडीला खांदा दिला. त्याच दिवशीच्या तारखेने त्यांनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून कैसर-ए-हिंद सुवर्णपदक आणि बोअर व झुलू युद्धांतल्या सेवेची पदके परत केली. असहकाराचा प्रारंभ म्हणून १ ऑगस्ट ही तारीख आधीच जाहीर झालेली होती. मृत्यू तिच्यावर येऊन पडला. एवढ्यावरून आपल्या पाठ्यपुस्तकांनी एक वाक्य घडवले आहे: या दिवशी टिळकयुग संपले आणि गांधीयुग सुरू झाले. हे वाक्य कसोटीवर टिकत नाही. चंपारण १९१७ चे, रौलेट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह १९१९ चा. गांधी देशाचे नेते झाले होते ते टिळकांच्या डोळ्यांदेखत. असहकाराविषयी टिळकांचे मन पुरते वळलेले नव्हते, तरी त्यांनी ते अडवलेही नव्हते. काँग्रेसची मान्यता तर १ ऑगस्टला मिळालेलीच नव्हती. ती सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात आणि मग डिसेंबरमध्ये नागपूरला मिळाली. सत्तांतर अनेक वर्षे चालले होते. त्याला एका रात्रीत बसवले ते तारखेच्या मोहाने. उलट, चौपाटीवरच्या त्या गर्दीत गिरणगाव मोठ्या संख्येने होता, हे सत्य मात्र तारीख कितीही हलवली तरी हलत नाही. २२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला, एका वर्षाला एक दिवस, आणि लष्कराच्या गोळ्या झेलल्या. ते नाते बारा वर्षांनी रस्त्यावर उतरले होते.

आता त्याच दिवशीचे वाटेगाव. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आणि तो जिल्हा त्या वेळी शांत नव्हता. १९१९ ते १९२१ या काळात सत्यशोधक विचाराने पेटलेल्या कुळांनी तिथल्या ब्राह्मण सावकार-जमीनदारांविरुद्ध उठाव केला होता. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराज सत्तेच्या बळावर नवे काही उभे करत होते. त्याच वर्षाच्या ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला होता, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ पासून देशभर लागू होता. काही जातीजमातींत जन्म हाच संशय ठरत होता, आणि हजेरीची धास्ती गावकुसाबाहेरच्या वस्त्यांना ठाऊक होती. अशा वस्तीत, मातंग कुटुंबात, हे मूल जन्मले. टिळकांच्या अंतकाळाची मिनिटे चरित्रकारांनी जपली आहेत. अण्णाभाऊंच्या जन्माची घटका कोणती, हे आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही. एकाच रविवारी एकाच भाषेच्या मुलखात हे दोन समाज होते: एकाकडे वर्तमानपत्र, वकील, ग्रंथ, चरित्रकार आणि शोक व्यक्त करायला मुंबई शहर. दुसऱ्याकडे यांतले काहीही नाही. अण्णाभाऊ ८ ऑगस्टला जन्मले असते तरी यातला एक शब्दही बदलावा लागला नसता. म्हणून हे वाचन खरे.

इथे एक आक्षेप येईल: मग दोघांना एकत्र आणले ते तारखेनेच ना, आणि तिचेच ऋण तुम्ही नाकारता? ऋण नाकारत नाही. तारखेने प्रश्न विचारायला निमित्त दिले, एवढे तिचे श्रेय नक्की आहे. पण निमित्ताला उत्तर समजले की घोटाळा होतो. १ ऑगस्टला शाळांमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये दोन प्रतिमा शेजारी ठेवून एकच हार-फुलांचा कार्यक्रम होतो, आणि भाषणात हमखास येते की एक सूर्य मावळला आणि दुसरा उगवला. या वाक्यातला सद्भाव मला मान्य आहे, वाक्य मान्य नाही. अण्णाभाऊंनी टिळकांची गादी चालवली नाही. संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणारे, मुलींच्या उच्च शिक्षणाविषयी प्रतिकूल भूमिका घेणारे, ब्राह्मणेतर चळवळीशी सतत खटके उडालेले टिळक आणि १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-श्रमिकांच्या हातांवर तरली आहे अशा आशयाचे बोलणारे अण्णाभाऊ यांच्यात अंतर आहे, आणि ते दोघांच्याही प्रतिष्ठेसाठी सांगितले पाहिजे. दुसऱ्या टोकाला असे म्हणणारेही आहेत की या दोघांना एका टेबलावर ठेवणेच चूक, त्यांचा काही संबंधच नाही. हेही पुराव्यापुढे टिकत नाही. तिशीच्या दशकाच्या आरंभी अण्णाभाऊ वडिलांबरोबर वाटेगावाहून पायी चालत मुंबईला आले ते त्याच गिरण्यांच्या मुंबईत, जिच्या कामगारांनी १९०८ चा संप केला होता. टिळकांनी मेळे, उत्सव आणि पोवाडे यांतून अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत राजकारण नेले होते. अण्णाभाऊंनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले आणि पोवाडा, लावणी, तमाशा यांना कामगारांच्या लढ्याची भाषा दिली. टिळकांच्या लेखांवर परकीय सरकारने राजद्रोहाचे खटले भरले. अण्णाभाऊंच्या कलापथकावर बंदी आणली ती स्वकीयांच्या मुंबई सरकारने. नाते आहे ते असे, विरोधासकट, आणि ते तारखेतून येत नाही, मुंबईच्या कामगार वस्तीतून येते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ज्यांच्या वाट्याला इतिहासाची पाने आली नाहीत, त्यांनी तारखेच्या बळावरच आपली माणसे सार्वजनिक जीवनात आणली. पुण्यात १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी झाली तेव्हापासून १४ एप्रिल हा केवळ जन्मदिवस उरला नाही, रस्त्यावर मान वर करून चालण्याचा तो हक्क झाला. अण्णाभाऊंची प्रतिमा सरकारी टेबलावर आली तीही जयंत्या करणाऱ्या लोकांच्या रेट्याने. अशा वेळी तारखेला पोकळ म्हणणे म्हणजे ज्यांच्याजवळ फक्त तारीखच आहे त्यांच्याकडून तीही काढून घेणे नव्हे का? मला हा आक्षेप पटतो, आणि म्हणूनच माझे म्हणणे तारखा पुसण्याचे नाही. लोकांनी मिळवलेली तारीख हे त्यांचे कर्तृत्व आहे, योगायोग नव्हे, आणि तिला तसाच मान हवा. तिच्या शेजारी जे काही येऊन पडते त्याकडे मात्र आडवे पाहावे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेले जहाज फुटले आणि शेकडो माणसे मेली. दिनविशेषात ही ओळ आंबेडकर जयंतीच्या खाली येते आणि दोन्हींचा संबंध नाही असे वाचून आपण पुढे जातो. पण त्या दिवशी आंबेडकर होते कुठे? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, मजूर खात्याचे सदस्य म्हणून. आणि त्या धक्क्यावर मेलेल्यांत गोदी कामगार होते, आग विझवायला धावलेले बंबवाले होते. गोदी कामगाराच्या जिवाची किंमत युद्धकाळात काय होती आणि मजूर खाते त्यासाठी काय करू पाहत होते, हा प्रश्न तिथून सुरू होतो. स्फोट आठवडाभर नंतर झाला असता तरी तो सुरू झालाच असता.

गुलामगिरीच्या ओळीचेही तसेच. १ ऑगस्ट १८३४ ला साम्राज्यातले गुलाम मुक्त झाले, असे आपण वाचतो. त्या दिवशी सहा वर्षांवरची बहुतेक माणसे ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे राबत राहिली आणि ती पद्धत १८३८ मध्ये संपली. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला मुलूख या कायद्यातून वगळलेला होता, म्हणजे ही तारीख आपली नव्हतीच. मॉरिशसमध्ये कायदा लागू झाला तो १ फेब्रुवारी १८३५ ला, आणि त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, ‘ॲटलस’ जहाजातून हिंदुस्थानी गिरमिटियांची तुकडी पोर्ट लुईला उतरली होती. गुलामगिरी संपण्याची वाट न पाहता तिची बदली आलेली होती. पुढे कोकणातून आणि मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज त्या बेटावर आजही आपली भाषा आणि गणेशोत्सव जपून आहेत. ‘गुलामगिरी रद्द’ या दोन शब्दांच्या ओळीत यातले काही मावत नाही, आणि ज्या मराठी वाचकाशी त्या ओळीचे खरे नाते आहे, त्यालाच ती परकी वाटते.

माझी विनंती दोघांना आहे. दिनविशेष लिहिणाऱ्या शिक्षकांनी आणि संपादकांनी रोज दहा ओळींऐवजी दोनच द्याव्यात, पण प्रत्येकीखाली त्या साली त्याच आसपास आपल्या मुलखात आणखी काय चालले होते हे लिहावे. मुलांना ते समजते, आणि त्यांना त्याहून कमी देण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि येत्या १ ऑगस्टला ज्यांना भाषण करायचे आहे त्यांनी सूर्य मावळण्या-उगवण्याचे वाक्य बाजूला ठेवून दोन मजकूर वाचून यावे: टिळकांनी १९०८ च्या खटल्यात स्वतः उभे राहून ज्युरीपुढे केलेले, कित्येक दिवस चाललेले बचावाचे भाषण, आणि अण्णाभाऊंची ‘फकिरा’. दोन्ही मराठीत मिळतात.